हातात शिंगाडा

जबलपूरहून कटनीकडे निघालं की चाळीसेक किलोमीटरवर सिहोरा लागतं. रेल्वेनं आलात तर 'सिहोरा रोड' स्टेशनात उतरायचं. ते खरं तर शेजारच्या खितौल्यात आहे. पावसाळा सरला की इथल्या बाजारात तळ्यांतून काढलेला शिंगाडा येऊ लागतो. कुठे हिरवा, कुठे लालसर, आणि दोन्ही बाजूंना टोकदार शिंगं. थंडी वाढली की मटार येतो. 'एक जिल्हा, एक उत्पादन' या सरकारी योजनेत जबलपूर जिल्ह्याच्या नावापुढे मटारच लिहिलेला आहे.

मुलांना सजगता कशी शिकवावी, या प्रकरणात हा बाजारहाट कशाला, असं वाटेल. या विषयावरची बहुतेक पुस्तकं मुलाला चटईवर बसवून डोळे मिटायला लावण्यापासून सुरू होतात. माझ्या मते ती सुरुवातच उलटी आहे. मुलाचं लक्ष आधी हातात येतं, कानात येतं, जिभेवर येतं, आणि श्वासापाशी सगळ्यात शेवटी पोचतं. त्यामुळे शिकवणीची सुरुवात स्वयंपाकघराच्या ओट्याशी करावी हे बरं.

सजगता म्हणजे काय, ते एकदा साध्या शब्दांत सांगून टाकतो. जे चाललं आहे ते चालू असतानाच ध्यानात असणं हा तिचा एक भाग. मन भरकटलं हे कळणं, आणि स्वतःवर न चिडता ते परत आणणं हा दुसरा. पालकांचा सगळा जोर पहिल्या भागावर असतो, पण शिकण्याची खरी गोष्ट दुसऱ्यात आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली आपल्या मानसशास्त्रावरच्या ग्रंथात म्हटलं होतं की भटकलेलं लक्ष पुन्हा पुन्हा परत आणायला शिकवणारं शिक्षण हे सर्वांत श्रेष्ठ ठरेल. मात्र ते द्यायचं कसं हे सांगणं अवघड आहे, अशी कबुलीही त्यांनी लगोलग दिली. त्या अवघड भागावर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत बरंच काम झालं आहे, आणि त्यातलं काही आपल्याच अंगणात झालं आहे.

आधी शिंगाडा. समजा, सिहोऱ्यातलं एक मराठी घर आहे. अशी घरं या भागात नवलाची नाहीत. सागरच्या मराठ्यांनी १७८१ मध्ये गढा-मंडला घेतलं, त्यांच्यामागून नागपूरकर भोसले आले, आणि १८१७ नंतर इंग्रजांचा अंमल बसला तरी बरीच कुटुंबं इथंच राहिली. पुढे रेल्वे, कचेऱ्या आणि कारखाने यांच्या निमित्तानं आणखी आली. तर अशा घरात आजी शिंगाडे सोलायला बसली आहे आणि सात वर्षांची नात मध्ये मध्ये लुडबुडते आहे.

"आजी, हा टोचतोय."

"टोचणारच. शिंगं कुठं आहेत ते बघ आधी. बोटानं नको, डोळ्यानं."

"सापडली. दोन आहेत."

"आता न टोचता कसा धरशील?"

एवढंच. आजीनं 'लक्ष दे' हे शब्द एकदाही उच्चारले नाहीत. लक्ष देणं भाग पडेल अशी वस्तू तिनं हातात दिली आणि प्रश्न विचारले. नात शिंगाडा फिरवते, साल कुठे मऊ आहे ते चाचपते, आतला पांढरा गर अखंड निघतो का ते बघते. दोन-तीन मिनिटं गेली की मन उडतं, तेवढ्यात शिंग टोचतं आणि ते आपसूक परत येतं. कच्च्या शिंगाड्याबाबत एक गोष्ट मात्र घरातल्यांनी जपावी. तो स्वच्छ धुऊन घ्यावा आणि दातांनी सोलू देऊ नये. तळ्यातल्या पाण्याबरोबर सालीवर जंतांच्या कवचबंद अळ्या चिकटून येऊ शकतात.

मटाराला शिंगं नसतात, पण शेंग नेमकी कुठे दाबली की 'टक्' होऊन उघडते हे कळायला लक्ष लागतंच. शेंगेत किती दाणे निघतील याचा अंदाज आधी सांगायचा आणि मग उघडायची, एवढ्या खेळावर एक किलो मटार सोलून होतो. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात सजगतेचा जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यातला एक प्रसिद्ध पाठ म्हणजे एक मनुका हातात घ्यायचा, निरखायचा, कानाशी धरायचा, हुंगायचा आणि मग सावकाश खायचा. तो मोठ्या माणसांसाठी आहे. मोठी माणसं घाईत बेदाण्याची मूठ तोंडात टाकतात, म्हणून त्यांना मुद्दाम एका मनुक्यापाशी थांबवावं लागतं. लहान मूल मनुका मिळाला की न सांगता तो चिमटून, हुंगून, चाटून बघतंच. आपण त्याला 'खेळू नकोस, खा' म्हणतो आणि ती सवय मोडून काढतो.

हे सगळं मुलांच्या शिक्षणात पहिल्यांदा नीट पाहिलं ते मारिया माँटेसरी यांनी. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचं पहिलं बालगृह उघडलं. तिथं तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्याच्या भोकांत दट्टे बसवत होती. सगळे बसवले की काढायचे, पुन्हा बसवायचे. माँटेसरींनी इतर मुलांना मोठ्यानं गाणं म्हणायला लावलं, मुलीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी तिचं काम थांबलं नाही. चाळीसहून अधिक वेळा तिनं ते केलं, आणि मग गाढ झोपेतून उठल्यासारखी ताजीतवानी होऊन इकडेतिकडे पाहू लागली. बक्षीस नव्हतं, धाक नव्हता, डोळे मिटणंही नव्हतं.

'शांततेचा खेळ'ही तिथलाच. माँटेसरींना अंगणात एका आईच्या हातात चार महिन्यांचं, कापडात गुंडाळलेलं बाळ दिसलं. त्या त्याला वर्गात घेऊन गेल्या आणि मुलांना म्हणाल्या की हे किती शांत आहे बघा, तुमच्यापैकी कुणाला एवढं शांत राहणं जमणार नाही. मुलांनी ते अंगावर घेतलं. पाय हलेनात, श्वासही हलके झाले, आणि एरवी ऐकू न येणारे आवाज वर्गात ऐकू येऊ लागले. पुढे या खेळाला ठरलेलं रूप आलं. सगळ्यांनी शांत बसायचं, शिक्षिकेनं दुसऱ्या खोलीतून कुजबुजत एकेकाचं नाव घ्यायचं, आणि ज्याचं नाव येईल त्यानं आवाज न करता चालत यायचं. यात मूल गप्प बसतं ते आपलं नाव ऐकण्यासाठी. गप्प बसवलेलं मूल आणि ऐकण्यासाठी गप्प झालेलं मूल लांबून सारखंच दिसतं, म्हणून आपली फसगत होते.

ही फसगत गिजुभाई बधेका यांनी फार प्रामाणिकपणे लिहून ठेवली आहे. १९३२ च्या त्यांच्या 'दिवास्वप्न' या गुजराती पुस्तकातला उत्साही शिक्षक चौथीच्या वर्गावर पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ करायला जातो. पुस्तकं वाचून, मनाशी सगळं जुळवून तो आलेला असतो. मुलं मात्र आवाज काढतात, खिदळतात, आणि त्याची पार फजिती होते. मग तो गोष्ट सांगायला लागतो, आणि तीच मुलं कान टवकारून बसतात. शांतता हवी असेल तर आधी ऐकण्यासारखं काहीतरी द्यावं लागतं, हे त्याला एका दिवसात कळतं. आजही सजगतेचं पुस्तक वाचून सोमवारी सकाळी वर्गात किंवा घरात प्रयोग सुरू करणाऱ्यानं ती पानं आधी वाचावीत.

याच गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे मुंबईत आल्या, आणि १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ तिथंच त्यांना येऊन मिळाल्या. नंतर हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरींची साधनं महागडी, पॉलिश केलेल्या लाकडाची. वारली मुलांसाठी ती परवडणार कशी? म्हणून या दोघींनी खडे, बिया, पानं, शंख-शिंपले, काड्या अशी आसपासची साधनं घेतली. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच कुरणात नेली. तिला त्यांनी 'कुरणशाळा' म्हटलं. सजगतेसाठी चटई, घंटा आणि मंद संगीत विकत घ्यायला निघालेल्या पालकांना मी कोसबाडचं उदाहरण देईन. हाताशी आहे त्यानंच मुलाचं ध्यान बांधता येतं, हे तिथं फार पूर्वी सिद्ध झालं आहे.

आता कान. सजगतेच्या वर्गात घंटेचा टोल देतात आणि नाद पूर्ण विरेपर्यंत ऐकायला सांगतात. सिहोऱ्याच्या मुलाला घंटेची गरज नाही. इटारसी-प्रयागराज मार्गावरच्या गाड्या दिवसरात्र धडाडत जातात. 'गाडी गेली, आता तिचा आवाज संपेपर्यंत ऐक आणि संपला की बोट वर कर,' असं सांगितलं की दोन भावंडांत हमखास वाद होतो. एक म्हणतो संपला, दुसरी म्हणते अजून येतोय. तो वाद मिटवायला जाऊ नका. दोघंही त्या क्षणी पूर्ण कान देऊन ऐकत असतात. मालगाडी असेल तर हा खेळ चांगला लांबतो.

चालण्यासाठी काठोकाठ भरलेला पेला पुरतो. तो स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत न सांडता न्यायचा. सांडला तर फडकं कुठं आहे हे मुलाला आधीच माहीत हवं, आणि पुसण्याचं काम शिक्षा म्हणून न येता खेळाचाच भाग म्हणून यायला हवं. सागरगोट्यांच्या खेळात तर डोळा, हात आणि श्वास यांचा असा मेळ लागतो की वेगळं काही शिकवावं लागत नाही. आता ते घरोघर दिसेनासे झाले आहेत. गुळगुळीत पाच खडे मिळाले तरी काम होतं. खड्यांवरून आठवलं, व्हिएतनामी बौद्ध भिक्षू थिक न्हात हान्ह मुलांना चार खडे देत. एक खडा फुलाचा, एक डोंगराचा, एक निश्चल पाण्याचा, एक आकाशाचा. एकेक उचलून तळहातावर ठेवायचा, त्या गोष्टीची आठवण करत तीन श्वास घ्यायचे आणि बाजूला ठेवायचा. हा पाठ सुंदर आहे, आणि लहान मुलांना जमतोही, कारण इथंही हाताला काम आहे.

मग श्वास केव्हा? भारतात मुलांना श्वासाकडे बघायला शिकवण्याचं सर्वांत शिस्तशीर काम सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेत झालं. ब्रह्मदेशात वाढलेले गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि इगतपुरीचं धम्मगिरी हे त्यांचं मुख्य केंद्र झालं. तिथली मोठ्यांची शिबिरं दहा दिवसांची असतात. मुलांसाठी फक्त 'आनापान' असतं, म्हणजे नाकपुड्यांशी येणारा-जाणारा नैसर्गिक श्वास जाणणं. तो मोजायचा नाही, रोखायचा नाही, त्याला मंत्र जोडायचा नाही. महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण खात्यानं विपश्यना विशोधन विन्यासाच्या साथीनं 'मित्र उपक्रम' राबवला, त्यात शाळेतल्या मुलांनी रोज काही मिनिटं आनापान करणं अपेक्षित आहे. मुलांची ही शिबिरं साधारण आठ वर्षांपुढच्यांसाठी असतात, आणि ती वयोमर्यादा मला शहाणपणाची वाटते. त्याहून लहान मुलाला उताणं झोपवावं, पोटावर कागदाची होडी ठेवावी आणि ती कशी वर-खाली होते ते बघायला सांगावं. उच्छ्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, त्यामुळे झोपेआधी हा खेळ विशेष उपयोगी पडतो. दोन मिनिटं पुरेत.

जबलपूरच्या या पट्ट्याला ध्यानाचं वावडं मुळीच नाही. रजनीश जबलपूरच्या महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत होते, १९६६ मध्ये नोकरी सोडली आणि १९७४ पासून पुण्याला स्थिरावले. सिहोऱ्याच्या पूर्वेला, उमरियापानच्या बाजूला करौंदी हे गाव भारताचं भौगोलिक केंद्र मानलं जातं, आणि महर्षी महेश योगींच्या संस्थेनं तिथं आपलं 'ब्रह्मस्थान' उभारलं आहे. त्यात २०१६ साली मध्य प्रदेश सरकारनं आनंद विभाग स्थापन केला. त्याच्याशी जोडलेलं राज्य आनंद संस्थान 'अल्पविराम' नावाचा कार्यक्रम चालवतं. त्यात कामाच्या धबडग्यात थोडं थांबून, शांत बसून, स्वतःला प्रश्न विचारायचे असतात. सरकारी आदेशानं आनंद कसा वाटायचा, असं म्हणून हसायला सोपं आहे. मलाही पहिल्यांदा हसू आलं. पण 'आधी मोठ्यांनी थांबावं' ही त्यातली कल्पना बरोबर आहे. दिल्ली सरकारनं २ जुलै २०१८ रोजी दलाई लामांच्या उपस्थितीत नर्सरी ते आठवीसाठी आनंदाचा अभ्यासक्रम सुरू केला, त्यातही सजगतेचा पाठ होता.

अशा सगळ्या मोठ्या योजनांनी एक निकाल डोळ्यांपुढे ठेवायला हवा. ब्रिटनमध्ये 'मिरियड' नावाचा भला मोठा प्रयोग झाला. ८५ शाळा आणि साधारण ११ ते १४ वयाची आठ हजारांहून अधिक मुलं त्यात होती. निम्म्या शाळांत शिक्षकांना तयार करून सजगतेचे पाठ दिले, उरलेल्यांत नेहमीचं भावनिक-सामाजिक शिक्षण चालू ठेवलं. २०२२ मध्ये निकाल आला. मुलांच्या मनःस्वास्थ्यात सजगतेच्या पाठांनी काही जादा फरक पडला नव्हता. आधीच मानसिक त्रासाच्या उंबरठ्यावर असलेल्या काही मुलांच्या बाबतीत तर परिणाम किंचित उलटा दिसला. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. फायदा दिसला तो शिक्षकांच्या थकव्यात, आणि तोही काही काळच.

हा निकाल वाचून सजगता थोतांड आहे असं म्हणणारे झाले, आणि प्रयोगच चुकीचा होता असं म्हणणारेही. मला त्यातून एवढंच दिसतं की आठवड्याचा तास लावून, वर्गातल्या सगळ्यांना एकाच मापानं, न विचारता दिलेली सजगता किशोरवयीन मुलं अंगाला लावून घेत नाहीत. घरातल्या रोजच्या कामात, स्वतः त्यात गुंतलेल्या माणसाशेजारी बसून जे शिकलं जातं, त्याची परीक्षा या प्रयोगानं घेतलेली नाही. ते सिद्ध झालं आहे असा दावा मीही करणार नाही. पण पैसे पडत नाहीत, आणि मटार तर सोलून होतो.

रागाचं प्रकरण मात्र वेगळं आहे, तिथं थोडं सविस्तर बोलायला हवं. मूल संतापानं लाल झालेलं असताना त्याला 'दीर्घ श्वास घे' म्हणणं म्हणजे आगीत तेल. आवेग आवरण्याचं काम करणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला वयाची विशी उलटावी लागते. सात वर्षांच्या मुलाकडून आपण जो संयम मागतो तो त्याच्याकडे अजून आलेलाच नसतो. त्या क्षणी जवळ बसावं, आवाज खाली ठेवावा, मारामारी चालू असेल तर हात धरावा. बाकी काही शिकवू नये. शिकवण्याची वेळ नंतर येते, रात्री अंथरुणावर. 'राग आला तेव्हा अंगात कुठे कळलं?' असं विचारलं तर मुलं चकित करणारी उत्तरं देतात. कुणाचे कान गरम होतात, कुणाच्या पोटात गोळा येतो, कुणाच्या मुठी आवळतात. पुढच्या वेळी कान तापू लागले की मुलाला एखाद-दुसरा क्षण आधी कळतं, आणि कधीतरी तेवढा क्षण पुरतो.

त्यासाठी मुलाजवळ शब्द हवेत. सगळ्याला 'बोअर झालं' किंवा 'टेन्शन आलं' म्हणणाऱ्या मुलाला आपण रुसलो आहोत की ओशाळलो आहोत, धास्तावलो आहोत की नुसते हिरमुसलो आहोत, हे वेगळं ओळखता येत नाही. घरात मोठ्यांनी स्वतःबद्दल हे शब्द वापरले तरच ते मुलांपर्यंत जातात. 'आज ऑफिसात साहेब मला सगळ्यांसमोर बोलले, मी ओशाळलो, घरी आल्यावर तुझ्यावर चिडचिड झाली' असं बाबांनी एकदा सांगितलं तर मुलाला ते महिनाभर पुरतं. सिहोऱ्याचं मूल शाळेत हिंदी बोलतं, घरी मराठी, आणि भावना कधी या भाषेत सांगतं कधी त्या. ती दुरुस्त करत बसू नये.

एक गोष्ट कटाक्षानं टाळावी. 'दंगा केलास ना, जा, पाच मिनिटं डोळे मिटून बस,' हे वाक्य आता अनेक घरांत आणि शाळांत ऐकू येतं. पूर्वी कोपऱ्यात उभं करत, आता ध्यानाला बसवतात. अशानं मुलाच्या मनात शांत बसणं आणि अपमान यांची गाठ पक्की बसते, आणि ती सोडवायला पुढे वर्षं लागतात. ज्या घरात हे झालं असेल तिथं सहा महिने ध्यानाचं नाव काढू नये. भाजी निवडावी, पेला न्यावा, गाडी ऐकावी.

जेवताना पहिले दोन घास कुणीही न बोलता खायचे, टीव्ही आणि फोन बंद ठेवून, हा नियम बहुतेक घरांत टिकतो, कारण तो छोटा आहे. अख्खं जेवण गप्प बसून करायला लावलं तर दोन दिवसांत बंड होतं.

डोळे मिटायला मूल घाबरत असेल, शांत बसल्यावर त्याला काहीतरी भयंकर आठवत असेल, किंवा ते बसल्यावर रडू लागत असेल, तर जबरदस्ती करू नका. उघड्या डोळ्यांनी हाताचं काम द्या. झोप उडाली आहे, खाणं सुटलं आहे, खेळणं थांबलं आहे, शाळेचं नाव काढलं की पोट दुखतं, असं काही आठवडे चाललं असेल तर सजगतेचे खेळ हा त्यावरचा उपाय नव्हे. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला दाखवा. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६ आहे, आणि तिथं हिंदीप्रमाणेच मराठीतही बोलता येतं.